कंदिलातला उजेड

पुणे,
कोजागिरी

प्रिय बंड्या,

जमला रे कंदील! तीन रात्री गेल्या, पण जमला. तुला लिहिल्याशिवाय राहवेना, कारण चाळीच्या गच्चीवर कामट्या बांधायला आणि खळ शिजवायला तूच बरोबर असायचास.

तेव्हा आपण आत ४० वॅटचा बल्ब सोडायचो. कागद करपेल म्हणून तो मधोमध लोंबतोय ना, हे सारखं बघायचो. पण उजेड कसा चहूकडे सारखा! तोच मला हवा होता.

यंदा तशाच षटकोनी सांगाड्यात ५ मिलिमीटरचा पांढरा एलईडी लावला, तीन पेन्सिल सेलवर. पेटवतो तर समोरच्या कागदावर एक झगझगीत ठिपका, त्याभोवती पिवळट कडं, बाकी सगळा कंदील काळोखात. फार वाईट वाटलं. चार लावले, आठ लावले, ठिपकेच वाढले.

मग लक्षात आलं, एलईडीचं ते गोल, पारदर्शक डोकं म्हणजे भिंगच आहे. आतल्या चिपचा उजेड गोळा करून ते वीस-तीस अंशांच्या झोतात पुढे फेकतं. टॉर्चला ते उत्तम. कंदिलात मात्र ते भिंगच मोडायला हवं. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर डोकं घासलं, चकाकी जाऊन ते दुधी होईपर्यंत. झोत लगेच पसरला. तू घासशील तेव्हा फक्त वरवर घास. आत केसासारखी तार असते, ती तुटली की संपलं.

तरी मागची बाजू अंधारीच, कारण एलईडी बल्बसारखा चारी दिशांना जळत नाही. तेव्हा एलईडी तळाशी ठेवला, तोंड वर, आणि त्याच्यावर पांढऱ्या कार्डशीटचा शंकू टांगला, टोक खाली करून. उजेड शंकूवर आपटून सगळ्या बाजूंना फुटतो! पतंगी कागदाच्या आत दोन बोटं अंतर सोडून बटर पेपर लावला, तेव्हा उरलेसुरले डागही विरघळले. इतका मऊ उजेड, बंड्या, की आई दिवा बंद करून नुसती बघत बसली.

नवे घेणार असशील तर चपट्या डोक्याचे घे, 'स्ट्रॉ हॅट' म्हणून मागायचे. ते १२० अंशांपर्यंत पसरतात, घासावे लागत नाहीत. रंग वॉर्म व्हाइटच. निळसर पांढऱ्यात केशरी कागद मेल्यासारखा दिसतो. आणि प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर लाव, म्हणजे विजेचा प्रवाह आवरणारा तो छोटा भाग. तीन सेलच्या साडेचार व्होल्टांतले तीनेक व्होल्ट एलईडी खातो, उरलेल्या दीडसाठी ८२ ओहमचा रेझिस्टर पुरे. सगळ्यांत मिळून एकच लावलास तर एक लख्ख आणि दुसरा मंद, की केलेली मेहनत वाया.

वसुबारसेला येतोयस ना? दुसऱ्या कंदिलाचा सांगाडा तयार ठेवतो. केशरी पतंगी कागद संपलाय, येताना चार ताव घेऊन ये.

तुझा,
बाळ्या