विषय : आठ माणसांचे पैसे घेऊन सात माणसांची पॉलिसी दिल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्रुप हेल्थ विभाग,
मुंबई कार्यालय

म्हापसा, बार्देश, गोवा
४ डिसेंबर २०२५

महोदय,

परवा मंगळवारी तुमच्या कस्टमर केअरशी सव्वीस मिनिटं बोललो, त्यानंतर हे पत्र लिहायला बसलोय. त्याआधीचे सहा फोन मोजत नाही. 'मराठीसाठी तीन दाबा' हे आता आमच्या मशीनवरच्या पोरालाही तोंडपाठ झालंय.

माझा छापखाना आहे, आठ कामगार. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, सक्तीचा व्हायला दहा लागतात, त्यामुळे आम्ही त्यात येत नाही. सहा जणांकडे गोवा सरकारचं दीनदयाळ कार्ड आहे, दवाखान्याच्या खर्चासाठीचं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख. त्यांचं तुमच्यावाचून फारसं अडलेलं नव्हतं. अडलं होतं दोघांचं. एक हुबळीकडचा मुलगा, गोव्यात येऊन दोनच वर्षं झालेला. दुसरा आमचा बाइंडर. गेली एकतीस वर्षं तो सकाळी बांद्याहून येतो आणि संध्याकाळी बांद्याला परत जातो. दीनदयाळला गोव्यातलं पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, ते त्याच्याकडे कुठून येणार? घर महाराष्ट्रात, हयात गेली म्हापशात. वय अठ्ठावन्न, साखरेची गोळी चालू. हा विमा मी मुळात त्याच्यासाठी काढायला निघालो होतो, आणि हे तुमच्या प्रतिनिधीला ऑक्टोबरमध्ये पहिल्याच भेटीत, चहा पाजून, सांगितलं होतं.

त्याने तीन ऑप्शन आणले. ते तुमचेच आहेत, पण तुमच्या माणसांना आठवत नाहीत असं दिसतं म्हणून लिहितो. पहिल्यात तीन लाखांचं कव्हर, खोलीभाड्याला दिवसाला एक टक्का म्हणजे तीन हजारांची मर्यादा, आधीच्या आजारांना छत्तीस महिने थांबायचं, बाळंतपण नाही. दुसऱ्यात तेच तीन लाख, खोलीला मर्यादा नाही, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून, बाळंतपणही धरलेलं, त्याला नऊ महिने थांबायची अट नाही. तिसऱ्यात आईवडीलही होते, तो परवडत नव्हता.

खोलीभाड्याची गोम मला मेहुण्यामुळे ठाऊक आहे. त्याला मर्यादा होती तीन हजारांची, आणि हॉस्पिटलने दिली सहा हजारांची खोली. त्याला वाटलं, वरचे तीन हजार आपण भरू. बिल आलं तेव्हा डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही खोलीच्याच प्रमाणात, निम्माच मंजूर. औषधं तेवढी वाचली. म्हणून मी स्वस्ताच्या नादाला लागलो नाही, दुसरा ऑप्शन घेतला. फॉर्मवर दुसऱ्यावर टिक आहे, खाली माझी सही आणि प्रेसचा शिक्का. झेरॉक्स सोबत जोडली आहे.

जीएसटीचंही सांगून टाकतो. 'आता हेल्थ इन्शुरन्सवर जीएसटी झिरो, सर,' असं प्रतिनिधी छातीठोकपणे म्हणाला होता. २२ सप्टेंबरपासून झिरो झाला तो वैयक्तिक पॉलिसीवर. ग्रुपवर १८ टक्के होता, तो आहेच. हे मला माझ्या सीएने सांगितलं, विमा कंपनीने नव्हे. ५२,४०० वर ९,४३२. वर हा विमा कायद्याने सक्तीचा नसल्यामुळे त्याचं इनपुट क्रेडिटही, म्हणजे भरलेल्या कराची वजावटही, मिळत नाही. असो, कर सरकारचा, भरला. ६१,८३२ रुपयांचा चेक १० नोव्हेंबरला दिला, १२ तारखेला वटला.

२४ तारखेला पॉलिसी आली. ऑप्शन पहिला. नावं सात. बाइंडरचं नाव नाही.

आता मंगळवारचा फोन. पौषातल्या बोडगेश्वराच्या जत्रेआधी इथल्या छापखान्यांत काय धांदल असते ते मुंबईत कळायचं नाही. कॅलेंडरं आणि देवस्थानांची पावतीपुस्तकं एकदमच अंगावर येतात. माझे हात शाईने भरलेले होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाइंडर फर्मे शिवत बसला होता. मध्ये हातभर अंतर.

मी विचारलं, आठवं नाव कुठे गेलं?

तुमच्या बाई म्हणाल्या, ''सर, ग्रुपला मिनिमम सात लाइव्ह्ज लागतात. सात आहेत. पॉलिसी व्हॅलिड आहे.''

मी म्हटलं, व्हॅलिड आहे हे मी विचारलंच नाही. मी आठ नावं दिली होती.

''सर, एज फिफ्टी-एट, डायबेटिक. सिस्टिमने काढलं असेल.''

सिस्टिमने काढलं असेल, तर सिस्टिमने मला विचारलं का नाही?

यावर थोडा वेळ की-बोर्डची टकटक. मग अगदी समजुतीच्या सुरात, जणू माझ्या फायद्याचंच काही सांगताहेत : ''सर, खरं तर हे तुमच्यासाठी चांगलंच आहे. एका मेंबरमुळे सगळ्या ग्रुपचा प्रीमियम वाढतो. आणि ते तसेही दोन वर्षांत रिटायरच होणार ना?''

मी स्पीकर बंद करायला गेलो, पण शाईच्या बोटाने स्क्रीन काही दाबली जाईना. बाइंडरने मान वर केली नाही. सुईत दोरा ओवला, गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि म्हणाला, ''शेटनु, ठेवा तो फोन. काम रवला.''

फोन मी ठेवला नाही. उलट आणखी सतरा मिनिटं बोललो, आणि त्या सतरा मिनिटांत मला कळलं की (१) ऑप्शन बदलणं 'अंडररायटिंगचा', म्हणजे जोखीम तपासणाऱ्या तुमच्या विभागाचा, 'विषय' आहे, (२) अंडररायटिंगला फोन नसतो, आणि (३) आठ माणसांच्या पॉलिसीला 'सहसा एवढे क्वेश्चन्स येत नाहीत'. येत नसतील. एवढ्याशा गिऱ्हाइकाने मुकाट्याने चेक द्यावा आणि सात कार्डं घेऊन गप्प बसावं, अशीच तुमची पद्धत दिसते.

आमच्या धंद्यात पावतीपुस्तकाला ओळीने नंबर मारावे लागतात. मध्येच एक नंबर सुटला, तर देवस्थान समिती आख्खं पुस्तक परत पाठवते, आणि बरोबर करते, कारण सुटलेल्या पावतीवर कुणी पैसे घेतले हे मग सांगता येत नाही. तुमच्याकडे तर अख्खा माणूस सुटलाय आणि त्याचे पैसे तुमच्याकडे आहेत. तुमच्याच हिशेबाने सात जणांचे कर धरून ४८,७३४ झाले. राहिलेले १३,०९८ रुपये 'सीडी बॅलन्स'मध्ये, म्हणजे तुमच्याकडे माझ्या नावावर जमा, आहेत म्हणे, 'पुढे नवीन एम्प्लॉयी अॅड करायला'. एकतीस वर्षं काम करणारा माणूस तुमच्या लेखी नवीन ठरत असेल, तर त्यालाच अॅड करा की! तेही जमत नाही, कारण पहिल्या ऑप्शनमध्ये त्याच्या साखरेला छत्तीस महिने थांबावं लागेल. तोपर्यंत तो एकसष्ट वर्षांचा होईल आणि तुमच्या बाईंच्या म्हणण्याप्रमाणे रिटायर.

नेटवर्क हॉस्पिटलांबद्दल वेगळं भांडायचं त्राण नाही. एवढंच सांगतो, यादीत 'म्हापसा' म्हणून जे पहिलं नाव आहे ते डोळ्यांचं हॉस्पिटल आहे आणि दुसरं मडगावला आहे. ''गोवा छोटाच आहे ना, सर.'' छोटाच आहे. छातीत दुखत असताना म्हापशाहून मडगावला एकदा जाऊन बघा.

माझं म्हणणं सरळ आहे. चेक वटला त्या दिवसापासून, दुसऱ्या ऑप्शनप्रमाणे, आठही नावांची पॉलिसी द्या. ते करायचं नसेल तर ६१,८३२ रुपये पूर्ण परत करा आणि बाइंडरचं नाव कोणी, कोणत्या कारणाने काढलं ते लेखी कळवा. सिस्टिमची सही चालणार नाही, माणसाची हवी. चौदा दिवसांत उत्तर आलं नाही तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकणार आहे. महिना उलटला तर मुंबईच्या विमा लोकपालांकडे जाईन. गोवा त्यांच्याच कक्षेत येतो आणि आमच्यासारख्या छोट्या धंद्यांच्या तक्रारीही ते घेतात. वकील लागत नाही, हेही विचारून ठेवलंय.

माझ्या वडिलांची पॉलिसी तुमच्याचकडे होती, म्हणून कुठे चौकशी न करता तुमच्याकडे आलो. म्हापशात निदान चार छापखानेवाले माझ्याकडे 'कुठली घेतली रे?' म्हणून विचारताहेत. त्यांना काय सांगू ते तुम्हीच ठरवा.

आठ माणसांचे पैसे घेतलेत. आठ कार्डं पाठवा.

आपला पॉलिसीधारक
(सही, शिक्का)

सोबत : फॉर्म, चेक आणि पॉलिसीच्या पहिल्या पानाची झेरॉक्स.

ता. क. : आलेली सात ई-कार्डं छापून ड्रॉवरमध्ये ठेवली आहेत, वाटलेली नाहीत. आठ जणांसमोर सात कार्डं कशी वाटायची ते मला जमत नाही. पण हुबळीच्या मुलाची बायको फेब्रुवारीत बाळंत होणार आहे आणि तो रोज विचारतो, कार्ड आलं का. त्याला हे कार्ड दिलं तरी पहिल्या ऑप्शनमध्ये बाळंतपण नाहीच, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.