बोस्टनचा चहा आणि धारवाडचा वेढा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ मध्ये २५० वर्षे होत असल्याच्या निमित्ताने आपल्या विद्यार्थी पुरवणीत १६०७ ते १७८३ या काळातील प्रमुख घटनांचा तक्ता प्रसिद्ध झाला. मराठी माध्यमाच्या मुलांना अशी सामग्री सहजासहजी हाती लागत नाही, म्हणून तो छापल्याबद्दल मी आपला आभारी आहे. तरीही माध्यमिक शाळेत बरीच वर्षे इतिहास शिकवलेला शिक्षक या नात्याने एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. या तक्त्यात ईस्ट इंडिया कंपनीचे नाव चहाच्या निमित्ताने एकदाच येते, आणि त्या घटनांचा बेळगाव-धारवाड भागाशी काही संबंध असेल अशी पुसटशी कल्पनाही वाचणाऱ्या मुलाला येत नाही. वास्तविक तो संबंध अगदी निकटचा आहे, आणि तो दाखवला तरच त्या तारखा मुलांच्या मनात ठसतील.

सुरुवात अमेरिकेतील जेम्सटाउन या इंग्रज वसाहतीपासूनच करता येईल. १६०७ मध्ये ही वसाहत बसवली ती व्हर्जिनिया कंपनीने, आणि त्याआधी ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली होती. लंडनचे व्यापारी सर थॉमस स्मिथ हे दोन्ही कंपन्यांच्या कारभाराचे प्रमुख होते. पूर्वेकडे मसाले आणि कापड, पश्चिमेकडे जमीन, असा हा एकाच शहरातील भांडवलदारांचा उद्योग होता. १६०९-१० च्या हिवाळ्यात जेम्सटाउनचे बहुतेक वसाहतवाले उपासमारीने आणि रोगराईने मेले. पुढे ती वसाहत तगली ती तंबाखूच्या पिकावर. निपाणीच्या वखारी पाहत वाढलेल्या मुलाला हे सांगितले, तर एखादे नगदी पीक सबंध मुलखाचे भवितव्य कसे ठरवते, हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. याच तंबाखूच्या मळ्यांसाठी पुढे आफ्रिकेतून गुलाम आणले गेले आणि स्थानिक पोव्हाटन लोकांची जमीन बळकावली गेली. १६१९ मध्ये व्हर्जिनियात पहिली प्रातिनिधिक सभा भरली आणि त्याच वर्षी गुलाम म्हणून धरलेल्या आफ्रिकी माणसांना घेऊन एक जहाज तेथे आले. आपल्या तक्त्यात यांतील फक्त पहिली घटना आहे, दुसरी नाही.

मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांबद्दल मला विशेष काही म्हणायचे नाही. मात्र इंग्रज आणि फ्रेंच यांच्यातील सप्तवार्षिक युद्ध केवळ अमेरिकेच्या सदरात घालणे योग्य नाही. प्लासीची लढाई (१७५७) आणि वांदिवाशची लढाई (१७६०) याच जागतिक संघर्षाच्या काळातील आहेत. या युद्धाने इंग्लंडच्या सरकारवर कर्जाचा डोंगर झाला आणि तो फेडण्यासाठी १७६५ मध्ये अमेरिकी वसाहतींवर स्टॅम्पचा कायदा लादण्यात आला. कोर्टाच्या कागदांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वांना मुद्रांकित कागद सक्तीचा झाला, आणि ज्या पार्लमेंटमध्ये आमचे प्रतिनिधी नाहीत तिला आमच्यावर कर बसवण्याचा अधिकार नाही, ही वसाहतींची भूमिका त्यातूनच पक्की झाली. त्याच १७६५ साली कंपनीने बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसूल करण्याचा अधिकार, मिळवली. अमेरिकेतील विरोधामुळे स्टॅम्पचा कायदा वर्षभरात रद्द झाला. बंगालची महसूलवसुली मात्र चालूच राहिली.

१७६९-७० मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे एक तृतीयांश लोक मृत्युमुखी पडले, तरीही कंपनीने शेतसारा सक्तीने वसूल केला. लष्करी खर्च, कंपनीच्याच नोकरांनी केलेली लूट आणि लंडनच्या गोदामांत पडून राहिलेला चहा यांमुळे १७७२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली आणि तिला सरकारकडे कर्ज मागावे लागले. त्यातून १७७३ मध्ये दोन कायदे झाले. कंपनीच्या कारभारावर सरकारचे नियंत्रण आणणारा रेग्युलेटिंग ॲक्ट आपली मुले भारताच्या इतिहासात शिकतात आणि कंपनीला आपला चहा अमेरिकी वसाहतींत थेट विकू देणारा चहाचा कायदा अमेरिकेच्या. ते एकाच संकटातून निघाले, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या, त्या याच कंपनीच्या चहाच्या होत्या. पेनसिल्व्हेनियाचे जॉन डिकिन्सन यांनी त्याच वर्षी कंपनीच्या आशियातील अत्याचारांचा आणि बंगालच्या दुष्काळाचा दाखला देऊन आपल्या लोकांना सावध केले होते. तेथील सुजाण माणसांना बंगालची वेदना कळत होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढचा भाग तर आपल्या अगदी जवळचा. १७७५ मध्ये लेक्सिंग्टनला गोळीबार होऊन अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले, त्याच वर्षी पहिले इंग्रज-मराठा युद्धही सुरू झाले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना नमवले आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. अमेरिकेत साराटोगाला इंग्रजांचा पराभव झाल्यानंतर फ्रान्स उघडपणे अमेरिकेच्या बाजूने उतरला, आणि तिकडे पुण्याच्या दरबारात आलेल्या फ्रेंच वकिलामुळे कलकत्त्याच्या इंग्रजांची झोप उडाली होती.

१९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला शरण गेलेल्या सैन्याचा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस पाच वर्षांत भारताचा गव्हर्नर जनरल झाला. टिपूविरुद्धच्या त्याच्या युद्धात मराठे त्याचे मित्र होते. परशुरामभाऊ पटवर्धनांनी सहा महिन्यांहून अधिक काळ टिपूच्या ताब्यातील धारवाडला वेढा घातला आणि एप्रिल १७९१ मध्ये ते घेतले. पुढच्याच महिन्यात श्रीरंगपट्टणाजवळून उपाशी सैन्यासह माघार घेणाऱ्या कॉर्नवॉलिसला धान्य मिळाले ते मराठ्यांच्या छावणीतून. हे सांगताना मला क्लेश होतात, पण ते मुलांना सांगितले पाहिजे, कारण त्याच युद्धात कॉर्नवॉलिसच्या हाताखाली लढलेल्या थॉमस मन्रोने एप्रिल १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला घेतला. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा इंग्रजांविरुद्धचा लढा त्यानंतर सहा वर्षांनी झाला आणि त्यांचे सेनानी संगोळ्ळी रायण्णांना १८३१ मध्ये आपल्या खानापूर तालुक्यातील नंदगडला फाशी दिली गेली.

१७८३ च्या पॅरिसच्या तहाने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य झाले, पण मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख नव्या राष्ट्राला देताना तेथे राहणाऱ्या मूळ रहिवाशांना कोणी विचारले नाही, आणि गुलामगिरी आणखी ८२ वर्षे कायदेशीर राहिली. तक्त्याचा शेवट करताना या दोन ओळी आवश्यक आहेत.

माझी विनंती एवढीच की, हा तक्ता पुन्हा छापावा आणि त्याच्या शेजारी दुसरा रकाना घालावा. त्यात १६०० ची सनद, १७६५ ची दिवाणी, वडगाव, सालबाई, धारवाड, बेळगावचा किल्ला आणि कित्तूर यांची वर्षे असावीत. सीमाभागातील शाळांमध्ये ही पुरवणी भिंतीवर लावली जाते, तेव्हा कागद थोडा मोठा घेतल्यास बरे. मजकूर तपासून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव