पंचांगाच्या चौकटीत सूर्यनक्षत्रही छापावे

मा. संपादक,
स. न.

आपल्या दैनिकात रोजच्या पंचांगाच्या चौकटीत ‘नक्षत्र रोहिणी’ असे येते, ते चंद्राचे. चंद्र ते सुमारे एका दिवसात ओलांडतो आणि 27 दिवसांनी पुन्हा तिथेच येतो. उन्हाळा मोजायचा तो सूर्यनक्षत्रांवर, म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रात असतो त्यावर. तिथे सूर्याचा मुक्काम 13-14 दिवसांचा. दोन्हींची गल्लत होऊन मार्चमध्येच ‘रोहिणी लागली’ असे बोलले जाते. चौकटीत सूर्यनक्षत्राची एक ओळ वाढवावी, ही विनंती.

सूर्यनक्षत्रे लागण्याचा क्रम असा: रेवती 31 मार्च, अश्विनी 14 एप्रिल, भरणी 27 एप्रिल, कृत्तिका 11 मे, रोहिणी 25 मे, मृग 8 जून. यात एखादा दिवस इकडेतिकडे होतो. मृगाची 7 जून ही तारीख अनेकांना पाठ आहे; पण नक्षत्रवर्ष (सूर्य पुन्हा त्याच नक्षत्रात येण्याचा काळ) ऋतुवर्षापेक्षा (ऋतूंच्या एका फेऱ्यापेक्षा) सुमारे 20 मिनिटांनी मोठे असल्याने साधारण 70 वर्षांत या तारखा एक दिवस पुढे सरकतात.

सणांवरून हा हिशेब लागत नाही. चैत्रगौरीचे हळदीकुंकू, कैरीची डाळ, पन्हे अक्षय्य तृतीयेपर्यंत चालते. पण ती तिथी 2023 मध्ये 22 एप्रिलला, 2024 मध्ये, मधल्या अधिक महिन्यामुळे, 10 मे रोजी आणि 2025 मध्ये 30 एप्रिलला आली.

मुंबईच्या स्वयंपाकघराला हा फरक चांगलाच जाणवतो. पापड-कुरडया भरणी संपण्याआधी उरकाव्यात. कृत्तिकेत खारा, दमट वारा वाढतो. कुरडई वरून वाळलेली दिसते, आत ओल राहते आणि डब्यात बुरशी धरते. मोडल्यावर ‘कट्ट’ वाजली नाही तर आणखी एक ऊन द्यावे, आणि गच्चीवरून ऊन उतरायच्या आत ती उचलावी. लोणच्याची कैरी बाठ धरलेली, घट्ट अशी रोहिणीतच घ्यावी. मृगाच्या सरींनंतरच्या कैरीत ओल जास्त आणि फळमाशीची अळी निघण्याची भीतीही.

कृत्तिकेतच शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली बाजूला पडत नाही. मुंबईत तो 15-16 मेच्या सुमारास. कुलाब्याला आधी, दहिसरला साधारण एक दिवस उशिरा. घड्याळात बारा वाजता सावली शोधणारे निराश होतात, कारण इथली खरी मध्यान्ह तेव्हा 12 वाजून 35 मिनिटांच्या आसपास असते. सरळ बाजूंचा डबा सपाट फरशीवर ठेवावा आणि ओळंब्याने तपासावा. तो किंचित कलला तरी एका बाजूला सावलीची कड उरते. 12.25 पासून दर दोन मिनिटांनी खडूने खूण करावी. सूर्य पुन्हा डोक्यावर येतो 27-28 जुलैला, पण तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असते. म्हणून मेमधली तारीख, वेळ आठवडाभर आधी छापावी. शाळांना सुट्टी असते, मुलांना गच्चीवर ते पाहता येईल.

पंचांगाचे अभ्यासक, गिरगाव, मुंबई