इंजिन बदलण्याआधी बोटीचं बूड उचला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पानशेत, मुळशी, पवना अशा जलाशयांवर चालणाऱ्या १४-१६ फुटी बोटींबद्दल एक तक्रार नेहमीची असते: चार माणसं बसली की बोट उचल घेत नाही. त्यावरचा सल्लाही ठरलेला, मोठं इंजिन घ्या. ४० ऐवजी ६० अश्वशक्तीचं इंजिन म्हणजे मागच्या फळीवर आणखी दहा-पंधरा किलो. आणि दुखणं तर बूड, म्हणजे बोटीचा मागचा भाग, जड असण्याचंच आहे.

रेस दिली की बूड बसतं, नाक आभाळाकडे जातं आणि बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. चालकाला तेवढा वेळ समोरचं दिसत नाही. ताशी २०-२५ किलोमीटरच्या आसपास तो चढ ओलांडला की ती सपाट धावू लागते. मागचा भाग उचलणारी जोडणी, म्हणजे हायड्रोफॉइल किंवा ट्रिम टॅब, हा अडकलेला वेळ कमी करते.

त्याआधी फुकटचे उपाय करावेत. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी पुढे सरकवा. हाताने तिरपं करायच्या इंजिनाची पिन फळीच्या सर्वांत जवळच्या भोकात आहे का, ते पाहा. पंख्याच्या (पाण्यातल्या प्रोपेलरच्या) वरची आडवी पाटी बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा फार तर २५ मिलिमीटर वर हवी. खाली असेल तर पाणी अडवते, जास्त वर असेल तर पंखा हवा ओढतो आणि नुसता गरगरतो. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. विरळ हवेमुळे इंजिनाची पाच-सहा टक्के ताकद इथेच जाते, म्हणून किनाऱ्यावर चपखल बसणारा पंखा इथे जड पडतो. पूर्ण रेसला पुस्तिकेतले फेरे भरत नसतील तर एक इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा) पंखा लावा; मिनिटाला १५०-२०० फेरे वाढतात.

एवढं करूनही बूड बसत असेल तर हायड्रोफॉइल. हा प्लास्टिकचा पंख त्याच आडव्या पाटीवर बसतो. भोकं पाटीच्या पातळ कडेलाच पाडावीत. इंजिनाच्या पायाजवळ पाण्याच्या आणि धुराच्या वाटा असतात. आधी ३ मिलिमीटरचं ड्रिल, मग बोल्टच्या मापाचं. उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियमला प्रायमर लावा. स्टेनलेस बोल्ट, रुंद वॉशर आणि नायलॉनच्या कडीचे नट वापरा. जोर करून आवळले तर पंख तडकतो, सैल ठेवले तर कंपनाने नट सुटतात. पहिल्या तासाभरानंतर पाना पुन्हा फिरवावाच. इंजिन वॉरंटीत असेल तर भोकं न पाडता चिमट्याने बसणारा पंख घ्यावा. धावताना तो पाण्यात बुडालेला राहिला तर कमाल वेग थोडा घटतो.

खरी गडबड वेगळीच होते. बोट धावू लागल्यावरही इंजिन आत, फळीकडे ओढलेलंच राहिलं तर पंख बूड इतकं उचलतो की नाक पाण्यात रुततं, आणि वळणावर बोट एकदम गर्रकन फिरते. म्हणून धाव लागताच इंजिन थोडं बाहेर, फळीपासून दूर तिरपं करावं (पिनचं असेल तर थांबून पिन बदलावी) आणि किल स्विचची, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला असावी.

कडक फळीच्या बोटीला ट्रिम टॅब, म्हणजे मागच्या फळीच्या खालच्या कडेला बसणाऱ्या झडपा, अधिक सरस. गॅस स्प्रिंगचे टॅब कमी वेगात खाली दाबलेले राहतात, वेग वाढला की पाण्याच्या दाबाने आपोआप वर होतात. बाहेरच्या कडेपासून सुमारे १०० मिलिमीटर आत आणि इंजिनाच्या मध्यरेषेपासून निदान २०० मिलिमीटर दूर बसवा, नाहीतर पंख्याकडे जाणारा प्रवाह बिघडतो. स्क्रूची भोकं पाण्याखाली येतात. मरीन सीलंटमध्ये कंजुषी केली तर आतलं प्लायवूड कुजतं. टॅबऐवजी बसवायच्या पाचरीही स्वस्तात मिळतात, पण त्या कायमच्या बसतात. मऊ तळाच्या फुगवत्या बोटींना हायड्रोफॉइलच बरा.

बदल एका वेळी एकच करावा. नेहमीच्या वजनासह दोन्ही दिशांना तीन-तीन फेऱ्या मारून बोट किती सेकंदांत सपाट होते ते मोबाइलवर मोजावं.

बचाव पथकांसाठी एक पुरवणी. पुराच्या पाण्यात गल्लीबोळांतून बोट पळवायची नसतेच, आणि पंखात जलपर्णी, केबल, फांद्या अडकतात. नदीकाठच्या वस्त्यांकडे जाणाऱ्या बोटीचा हायड्रोफॉइल काढून ठेवावा आणि त्याचे बोल्ट-नट एका डबीत बोटीतच ठेवावेत.

– एक वाचक, पुणे