मिडलेच्या चारही टप्प्यांच्या वेळा द्या

मा. संपादक,

जिल्हा पातळीवरच्या जलतरण स्पर्धांच्या निकालपत्रकात ४०० मीटर वैयक्तिक मिडलेची, म्हणजे एकट्यानेच चार प्रकारांत शंभर-शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतीची, फक्त एकूण वेळ असते. मी मुलांना पोहायला शिकवते. त्या एका आकड्यावरून त्यांची चूक कुठे झाली हे कसं सांगू?

बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाइल हा क्रम ठरलेला. आमची पोरं पहिले शंभर मीटर जीव तोडून पोहतात, वर पालकांचं "जोरात, जोरात!" चालूच. तिथे वाचवलेले दोन सेकंद पुढे व्याजासकट फेडावे लागतात, कारण ब्रेस्टस्ट्रोकचा बराचसा जोर पायांतून येतो आणि तोवर पाय संपलेले असतात. म्हणून मी सांगते, बटरफ्लाय लांब, सैल हातांनी मारा, बॅकस्ट्रोकमध्ये पाय बेताने चालवा. ब्रेस्टस्ट्रोक सर्वांत संथ, त्यामुळे मोठी अंतरं तिथेच पडतात.

फ्रान्सच्या लिऑन मार्शाँने २०२३ मध्ये जपानमधल्या फुकुओकात ४ मिनिटे २.५० सेकंदांचा विश्वविक्रम करून मायकल फेल्प्सचा २००८ चा ४:०३.८४ चा विक्रम मोडला. त्याचा ब्रेस्टस्ट्रोक पाहाच! आणि शेवटच्या वळणानंतरही तो भिंतीपासून किती लांब पाण्याखाली जातो, तेही. अखेरपर्यंत तेवढा दम राखणं हेच खरं कौशल्य.

संयोजकांना विनंती, प्रत्येक शंभर मीटरची वेळ नोंदवून मुलांच्या हाती द्यावी. स्टॉपवॉचला लॅपचं बटण असतंच.

– एक जलतरण प्रशिक्षिका, सांगली