तेव्हा ‘नॉर्मल’, आता बावन्न हजार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला वाहनतज्ज्ञांचा लेख वाचला. पत्र लिहायचे नाही असे कालपर्यंत ठरवले होते. आज सकाळी सर्व्हिस सेंटरचा फोन आला आणि राहवले नाही. ‘वॉरंटी संपल्यावर खर्च वाढतात, कारण मालक गाडीकडे दुर्लक्ष करतात’ हे वाक्य तुम्ही चौकटीत टाकून ठळक छापलेत, त्याबद्दल आधी अभिनंदन. समोरच्याच पानावर अख्ख्या पानाची गाडीची जाहिरात होती, तो योगायोगच असणार.

माझी गाडी पहिल्या दिवसापासून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जाते. तारीख कधी चुकली नाही, किलोमीटर चुकले नाहीत. ऑइल त्यांचे, फिल्टर त्यांचे, आणि मी नको म्हणत असताना दर वेळी बिलात घुसणारे ‘इंजिन ड्रेसिंग’ व ‘इंटिरियर क्लीनिंग’ हेही त्यांचेच. मग दुर्लक्ष नेमके कोणी केले, हे तज्ज्ञांनी मला एकदा समजावून सांगावे. मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे, समजून घेईन.

डाव्या गुडघ्याने असहकार पुकारला म्हणून एएमटीची, म्हणजे क्लचचे पेडलच नसलेली, गाडी घेतली. लेखात तिला नुसते ‘ऑटोमॅटिक’ म्हणून उरकले आहे. प्रत्यक्षात तिचा गिअरबॉक्स नेहमीचा मॅन्युअलच असतो आणि क्लच प्लेटही नेहमीचीच. आपल्या पायाऐवजी ॲक्च्युएटर नावाचा एक यांत्रिक हात क्लच दाबतो आणि गिअर बदलतो, एवढाच फरक. आपला पाय वाचतो, प्लेट झिजायची ती झिजतेच. शोरूममध्ये यातले अक्षरही कोणी सांगत नाही. तिथे फक्त ‘मॅडम, क्लचचं टेन्शनच नाही’.

आणि आमचे गाव, सातारा, चढाचे. समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे चढताना, पुढे टेम्पो रखडलेला असला, की पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना माझी गाडी असा हिसका द्यायची की मागच्या सीटवरची भाजीची पिशवी खाली यायची. हे गाडी वॉरंटीत असतानाचे आहे. मी तेव्हाच घेऊन गेले. सर्व्हिस ॲडव्हायझर नेमका माझा जुना विद्यार्थी. त्याने सेंटरच्या मागच्या सपाट आवारात एक फेरी मारली आणि उतरून म्हणाला, “बाई, नॉर्मल आहे. एएमटीचं कॅरेक्टरच तसं असतं. गिअर पडताना ॲक्सिलरेटर थोडा सोडायचा.” मी म्हटले, अरे, चढावर घेऊन चल, मी दाखवते. तर म्हणे ट्रायलचा रूट ठरलेला असतो, बाहेर नेता येत नाही. जॉबकार्डावर, म्हणजे गाडी देताना तक्रार नोंदवतात त्या कागदावर, मी सांगितलेल्या हिसक्याचे नावही नव्हते. तिथे इंग्रजीत लिहिले होते ‘जनरल चेकअप’. मी सही करण्याआधी हरकत घेतली. “बाई, तो फक्त फॉरमॅट असतो, आम्ही आत नोट टाकतो,” असे उत्तर मिळाले. पुढच्या सर्व्हिसिंगला तीच तक्रार, तेच ‘नॉर्मल’ आणि तेच ‘जनरल चेकअप’.

वॉरंटी संपली. त्यानंतरच्या पावसाळ्यात क्लच सेट बदलावा लागला, सतरा हजार. क्लच ‘वेअर अँड टेअर’मध्ये येतो, तो वॉरंटीत असतानाही मिळाला नसता, असे वर ऐकवण्यात आले. दिवाळीच्या आसपास पोवई नाक्यावर गाडी न्यूट्रलमध्येच अडकून बसली. डॅशबोर्डवर ‘एन’ लुकलुकतोय, मागे एसटी हॉर्न देतेय आणि लिव्हर कुठेही सरकवला तरी गाडी हलायला तयार नाही. चार पोरांनी ढकलून ती बाजूला घेतली. टोइंगवाल्याने नेली. निदान झाले ॲक्च्युएटर गेल्याचे. आतले सुटे काही मिळत नाही, पूर्ण ॲसेंब्लीच बदलावी लागते. बावन्न हजार, लेबर वेगळे, त्यावर जीएसटी वेगळा.

एवढ्यावर थांबले असते तरी मी पत्र लिहिले नसते. एस्टिमेट समोर ठेवून माझा तो विद्यार्थी म्हणाला, “बाई, हा हिसका आधीपासून असणार. तुमच्या लक्षात आलं नाही का?”

संपादक महाशय, वर्गात असते तर त्याला बाकावर उभा केला असता. इथे खुर्चीवर मी बसलेली आणि बिल माझ्या हातात.

आज सकाळचा फोन असा, की ॲक्च्युएटर बदलूनही चढावर गाडी मधूनच दम टाकते, त्यामुळे आता टीसीयू, म्हणजे गिअरबॉक्सचा कंप्युटर, बघावा लागेल. ‘बघावा लागेल’चा रुपयांतला अर्थ मी विचारलेला नाही. आधी चहा घेतला.

तज्ज्ञ म्हणतात, ‘परवडत नसेल तर विश्वासू स्थानिक मेकॅनिक गाठावा.’ गाठला. आमचे सदर बझारमधले मिस्त्री जुन्या गाड्या डोळे मिटून खोलतात. ते म्हणाले, “काकू, क्लच मी अर्ध्या दिवसात घालतो. पण घातल्यावर कंप्युटरला नवा क्लच शिकवावा लागतो. त्याचा स्कॅनर कंपनीकडे. माझ्याकडचा स्कॅनर तुमच्या मॉडेलला एरर वाचून दाखवतो, पुढं काही करू देत नाही.” ॲक्च्युएटरचेही तेच. त्यांच्या मते बऱ्याचदा आतली मोटर किंवा सील तेवढे गेलेले असते, पण सुटा भाग द्यायला कोणी तयार नाही. हाताला कसब असलेला माणूस कुलपाबाहेर उभा आणि किल्ली ज्याच्याकडे, तो अख्खे घर विकत घ्या म्हणतो. यात मालकाचे दुर्लक्ष कुठे बसते?

हे माझे रडगाणे नवे नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणासाठी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजेत, आणि बाहेर काम केले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, असे त्या आदेशात होते. मग प्रकरण अपिलात आणि कोर्टात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ‘दुरुस्तीच्या हक्का’चे पोर्टल काढले, त्यात वाहनेही आहेत. तुमच्या तज्ज्ञांच्या पान भरलेल्या लेखात यातली एक ओळ नाही. टायरमध्ये हवा किती असावी, हे मात्र दोनदा आहे.

दुसरा सल्ला एक्स्टेंडेड वॉरंटीचा. मला ती देऊ केली होती, तेव्हा मी कागद मागून वाचला. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बुश, रबराचे भाग, असे जे जे झिजते ते सगळे वगळलेले. उरलेल्यातही ‘वापरातील चूक’ आढळल्यास दावा नाही, आणि चूक ठरवणार तेच. हे तज्ज्ञांनी वाचले असते तर ‘बिनधास्त घ्या’ असे लिहिले नसते.

ग्राहक आयोगात जा, असे सगळे सुचवतात. दुसरा एक विद्यार्थी वकील आहे (शिकवलेले कुठे कुठे भेटतात पाहा). त्याने धीर दिला. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करायची, आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. मग म्हणाला, “बाई, वॉरंटीत तक्रार केल्याचा पुरावा?” मी जॉबकार्डांची फाइल पुढे केली. सगळीकडे ‘जनरल चेकअप’. तो काही बोलला नाही, फाइल मिटून परत दिली.

म्हणून छापायचेच असेल तर हे छापा. सर्व्हिसिंगला गाडी देताना ग्राहक जे सांगतो, ते त्याच्याच शब्दांत जॉबकार्डावर आले पाहिजे. कुठे होते, कोणत्या गिअरला होते, गाडी गरम असताना की थंड, हे सगळे. ‘नॉर्मल’ म्हणायचे असेल तर तेही खाली लिहून सही द्यावी. वजनमापे तपासायला सरकारी निरीक्षक आमच्या भाजी मंडईत येतो, मग वर्कशॉपचे जॉबकार्ड कोणी का तपासू नये? बहुतेक ग्राहकांना तर हा कागद घाईघाईत पेन हातात देऊन सही करायला लावतात, आणि गाडी परत मिळेपर्यंत तो दिसतही नाही.

मी आता माझ्यापुरते सुरू केले आहे. मागच्या वेळी जॉबकार्डाच्या मोकळ्या जागेत स्वतःच्या पेनने लिहिले: ‘समर्थ मंदिर ते बोगदा चढावर, दुसऱ्या गिअरला हिसका, दोन माणसे बसलेली असताना.’ काउंटरवरच्या मुलीने ते वाचले आणि म्हणाली, “मॅडम, सिस्टीममध्ये मराठी चढत नाही.” मी म्हटले, नसेल चढत तर राहू दे, मला त्या पानाची झेरॉक्स दे. झेरॉक्सचे पाच रुपये बिलात लावले. पावती जपून ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा
(नाव छापू नये, गाडी अजून त्यांच्याच ताब्यात आहे.)

ता. क.: पुरवणीतले शब्दकोडे दोन रविवारांपासून गायब आहे. त्या जागी गाड्यांच्या जाहिराती येऊ लागल्या आहेत. कोडे बंद केले असेल तर निदान शेवटच्या कोड्याचे उत्तर तरी छापावे. माझे उभे सतरा अडले आहे.