वस्त्रकलेच्या एमएफएविषयी आई-बाबांना

ती. आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, विणकाम मागावर बसून शिकता येत असताना त्यासाठी अमेरिकेतल्या विद्यापीठात दोन-तीन वर्षे कशाला घालवायची, आणि पुढे नोकरीचे काय, हे तुमचे प्रश्न रास्त आहेत. फोनवर त्यांची उत्तरे तुटक झाली असती, म्हणून लिहून कळवते आहे.

हात मागावरच तयार होतो, हे मलाही मान्य आहे. परंतु मला विणकाम शिकवायचेही आहे. तिथल्या विद्यापीठांत दृश्यकलेच्या प्राध्यापकपदासाठी एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) ही अंतिम पदवी मानली जाते आणि कॉलेज आर्ट असोसिएशन या तिथल्या कलाक्षेत्रातील संघटनेने १९७७ मध्ये तसे निकष ठरवून दिल्यामुळे विणकर, चित्रकार किंवा शिल्पकार यांच्याकडून पुढे पीएच.डी.ची अपेक्षा सहसा केली जात नाही. ब्रिटनमधले एम.ए. बहुधा वर्षभरातच संपते, आणि तेवढ्या काळात स्वतःचे काम उभे करून वर शिकवण्याचा अनुभव मिळवणे मला अवघड वाटते.

विणकाम विद्यापीठात शिरले त्यालाही एक पूर्वपीठिका आहे. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत विद्यार्थिनींना बहुतांशी विणकामाच्या कार्यशाळेकडेच वळवले जाई. तिथे शिकलेल्या विणकर ॲनी आल्बर्स यांनाही ती फारशा उत्साहाने निवडता आली नव्हती. पण १९३३ मध्ये अमेरिकेत आल्यावर त्यांनी ब्लॅक माउंटन कॉलेजात विणकाम शिकवले, आणि १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. मला हव्या असलेल्या अध्यापनाची परंपरा अशी घडली आहे. (आई, नाइलाजाने घेतलेला विषय एवढा फळाला आलेला पाहून तुला बरे वाटेल.)

आता खर्चाचे. मी संस्थेच्या नावापेक्षा ‘टीचिंग असिस्टंटशिप’ला जास्त महत्त्व देणार आहे. ती मिळाल्यास शिक्षणशुल्क पूर्ण किंवा अंशतः माफ होते, दरमहा विद्यावेतन मिळते, आणि त्याबदल्यात आठवड्याला साधारणतः २० तासांपर्यंत काम करावे लागते. परदेशी विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात त्याहून जास्त काम करण्याची परवानगीही नसते. हे काम म्हणजे नेमके काय, हे प्रत्येक विभागाला विचारून घेण्यासारखे आहे. कुठे फक्त प्राध्यापकांच्या वर्गात मदत करायची असते, कुठे माग नीट ठेवणे आणि रंगशाळा (सूत रंगवण्याची जागा) सांभाळणे एवढेच असते, तर कुठे पहिल्या वर्षाचा एक संपूर्ण वर्ग स्वतः शिकवायला देतात. रंगशाळेचे काम मी कमी लेखत नाही. रिॲक्टिव्ह रंगांची (धाग्याशी रासायनिकरीत्या जोडल्या जाणाऱ्या रंगांची) कोरडी भुकटी श्वासावाटे गेल्यास दम्यासारखा त्रास जडू शकतो, त्यामुळे ती मास्क लावून कशी हाताळायची हे शिकवणाऱ्याला पक्के ठाऊक असावेच लागते. तरीही स्वतःचा वर्ग मिळणार असेल, तर मी नामांकित संस्थेतली बिनमदतीची जागा सोडून देईन, कारण पुढे प्राध्यापकपदासाठी अर्ज करताना स्वतःच्या कामाच्या छायाचित्रांसोबत आपल्या विद्यार्थ्यांच्या कामाचीही छायाचित्रे बहुधा मागतात, आणि ती वर्ग घेतल्याशिवाय कुठून आणायची?

नोकरीविषयी तुम्हाला भुलवणार नाही. वस्त्रकलेचे स्वतंत्र विभाग मोजके आहेत आणि कायमस्वरूपी जागा त्याहून कमी निघतात. पदवीनंतर अनेकांना तासिका तत्त्वासारखे, प्रत्येक अभ्यासक्रमामागे मानधन देणारे काम करावे लागते, ज्यात पुढच्या सत्राची हमी नसते. म्हणूनच मी विणकाम आणि रंगाईच्या जोडीला संगणकीय जॅकार्ड (संगणकाच्या मदतीने गुंतागुंतीची नक्षी विणण्याचे तंत्र) आणि रंगसिद्धांतही घेणार आहे. केवळ विणकर नको असला तरी पायाभूत वर्ग घेणारा शिक्षक बहुतेक कलाविभागांना लागतोच. पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर १२ महिने विषयाशी संबंधित काम करता येते. तेवढ्यात जागा मिळाली नाही, तर परत येऊन इथल्या डिझाइन महाविद्यालयांत अर्ज करण्याची माझी तयारी आहे.

बहुतेक अर्ज डिसेंबर ते फेब्रुवारीदरम्यान भरायचे असून त्यासाठी सुमारे २० छायाचित्रे आणि एक निवेदन तयार करते आहे. आर्थिक मदतीसह आलेल्या प्रस्तावांवर बऱ्याच विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत विचार करण्याची मुभा असते. तेव्हा बाबा, ती पत्रे हातात येऊन आपण तिघांनी आकडे मांडून पाहीपर्यंत कृपया मुदतठेव मोडू नका आणि कर्जाची चौकशीही करू नका.

तुमची,
लेक